एआयकडे काय सोपवायचं, आणि गेमसाठी नोकरी सोडायची का?

तुमचा प्रश्न बराच मोठा आहे, म्हणून आधी मला काय कळलं ते सांगतो. तुम्ही डिचोलीला राहता, वेर्ण्याला औषध कंपनीच्या क्वालिटी विभागात आहात आणि रात्री जेवणं आटोपल्यावर गोडो इंजिनवर, म्हणजे गेम बनवायच्या सॉफ्टवेअरवर, गेम करत बसता. एआय हाताशी आल्यापासून कोड भराभर होतो, तरी चार गेम अर्धवट पडले आहेत. पाचवा मनात आहे तो कदंब राजांपासून १९६१ च्या मुक्तीपर्यंतच्या गोव्याचा, मोठ्या खुल्या जगाचा. एआयने लिहिलेल्या गेमला माझा म्हणता येईल का, या धंद्यात आता नोकऱ्या उरल्यात का, आणि राजीनामा देऊन वर्षभर पूर्णवेळ हेच करू का, हे तुमचे तीन प्रश्न. शेवटी लॅपटॉपचंही विचारलंय.

मी फोंड्याला राहून गेमचं प्रोग्रामिंग करतो. कीपॅडच्या फोनवर ६४ केबीत अख्खा गेम बसवावा लागायचा तेव्हापासून याच कामात आहे आणि एआय आता रोज वापरतो. राजीनाम्याचं उत्तर तुमच्या घरच्या हिशेबावर ठरेल, तो हिशेब तुम्ही सांगितलेला नाही. बाकीच्यावर मात्र मला ठाम बोलता येईल.

तुमच्या प्रश्नात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते चार अर्धवट गेमचं वाक्य. एआयने गेम सुरू करणं स्वस्त केलं, संपवणं अजून तितकंच महाग आहे. पूर्वी खेळाडू पडद्यावर हलायला लागेपर्यंतच इतका घाम गळायचा की हातातला गेम सोडवत नसे. आता ते एका संध्याकाळीत होतं आणि पुढची कल्पना लगेच खुणावू लागते. उरतं ते काम मात्र तसंच राहतं: मेनू, सेव्ह, आवाजाची पातळी, वेगवेगळ्या आकाराचे पडदे, मधेच फोन आला तर काय, आणि पाचव्या मिनिटाला खेळणारा कंटाळतो तो का. यातलं शेवटचं सोडलं तर एआय प्रत्येक ठिकाणी थोडीफार मदत करतं. शेवटचं मात्र तुमचं तुम्हालाच शोधावं लागतं, आणि गेम बहुतेक तिथेच अडतो.

आता तुम्ही पाठवलेला कोड. त्यात तुमच्या सगळ्या अडचणीचा नमुना आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. तुमचा खेळाडू मुंगीच्या वेगाने चालत होता. एआयने वेग ३०० ऐवजी १८००० करायला सांगितलं. चालणं सुधारलं, पण उडी उंबरठ्याएवढीही जात नाही. कारण असं आहे. गोडो ४ मध्ये ‘मूव्ह अँड स्लाइड’ हे फंक्शन वेगाला डेल्टाने, म्हणजे दोन टिकांमधल्या (इंजिन हालचालीचा हिशेब करतं त्या दोन क्षणांमधल्या) वेळाने, आतल्या आत गुणतं. तुमच्या कोडमध्ये त्याच्या आदल्या ओळीत वेगाला पुन्हा एकदा डेल्टाने गुणलंय. फिजिक्स सेकंदाला ६० वेळा चालतं, म्हणून ३०० पिक्सेलचे झाले ५. एआयने ती ओळ काढली नाही, आकडाच ६० पट केला. आडवा वेग तुम्ही दर टिकेला नव्याने ठरवता, त्यामुळे तो १८००० चा पुन्हा ३०० होतो आणि सगळं बरोबर दिसतं. उभा वेग मात्र मागच्या टिकेवरून पुढे येतो. उडीचे ४०० पहिल्याच टिकेत सातच्याही खाली येतात आणि पुढच्या टिकेत त्यांचाही साठावा हिस्सा होतो. ती एक ओळ काढा, वेग परत ३०० करा. गुरुत्वाकर्षणाच्या ओळीतला डेल्टा मात्र राहू द्या, कारण ते त्वरण आहे आणि ते वेगात मिसळायचं काम तुमचंच कोड करतं.

हा गोंधळ होण्यामागे कारण आहे. गोडो ४ मार्च २०२३ मध्ये आलं आणि त्यात बरीच नावं बदलली. ‘कायनेमॅटिकबॉडी’चं ‘कॅरेक्टरबॉडी’ झालं, ‘यील्ड’चं ‘अवेट’, ‘इन्स्टन्स’चं ‘इन्स्टन्शिएट’. वेग पूर्वी फंक्शनच्या कंसात द्यायचा, आता तो खेळाडूचाच गुणधर्म आहे. पुढे ४.३ मध्ये टाइलमॅपच्या, म्हणजे चौकोनी तुकडे जोडून नकाशा करायच्या सोयीच्या, जागी वेगळे थर आले. एआय ज्या मजकुरावर शिकलं त्यात जुनं-नवं एकत्र आहे, त्यामुळे उत्तरात दोन्ही मिसळतं आणि मिसळलेलं असूनही ते अगदी ठामपणे मांडलेलं असतं. माझी पद्धत अशी: प्रश्नाच्या पहिल्याच ओळीत आवृत्ती लिहायची, त्या फंक्शनचं अधिकृत कागदपत्रांतलं पान तिथेच चिकटवायचं, एका वेळी एकच बदल मागायचा, आणि तो फाइलीत घेण्याआधी गिटमध्ये कमिट करायचं, म्हणजे चालतं कोड जपून ठेवायचं. बदल लागू केल्यावर काय काय बदललं ते ओळीनुसार वाचायचं. एखादी ओळ का आहे हे मला सांगता येत नसेल तर ती मी ठेवत नाही.

क्वालिटीतल्या माणसाला हे वेगळं शिकवायला नको. पुरवठादाराच्या प्रमाणपत्रावर विसंबून कच्चा माल तुम्ही आत घेत नाही, नमुना तपासता. एआयला नेमकं तेच काम द्यावं ज्याचा निकाल तुम्हाला स्वतः तपासता येतो. एक्सेलमधले संवाद गेमला लागणाऱ्या फाइलीत बदलणारी छोटी स्क्रिप्ट, जुनी सेव्ह फाइल नव्या रचनेत आणणं, चाचण्या लिहिणं, दुसऱ्याचं शेडर (पडद्यावरचा रंग-उजेड ठरवणारं कोड) ओळीनुसार समजावून घेणं, ही कामं मी बिनधास्त सोपवतो. चुकलं तर लगेच दिसतं. उडीची उंची, दाराचा वेग, हरल्यावर किती मागे जायचं, पात्राचं बोलणं, हे सोपवत नाही. कड्यावरून पाय सुटल्यावरही सेकंदाचा दहावा हिस्सा उडी चालू द्यायची, हे एआय तुम्हाला सुचवेल. पण तुमच्या गेममध्ये तो दहावा हवा की पंधरावा हे बोटांनाच कळतं.

वेगाबद्दलही एक सांगतो, कारण ‘भराभर’ हा शब्द तुम्ही तीनदा वापरलाय. जुलै २०२५ मध्ये मेटर या संशोधन संस्थेने एक प्रयोग प्रसिद्ध केला. आपल्या जुन्या, ओळखीच्या मुक्त-स्रोत प्रकल्पांवर काम करणाऱ्या १६ अनुभवी प्रोग्रामरांना काही कामं एआयसह आणि काही एआयशिवाय करायला दिली. एआयसह त्यांना १९ टक्के जास्त वेळ लागला, पण त्यांना स्वतःला मात्र आपण २० टक्के वेगाने काम केलं असंच वाटत होतं. तो प्रयोग २०२५ च्या सुरुवातीच्या साधनांचा आणि अनुभवी लोकांचा आहे, नवख्याला तो तसाच लागू होईल असं नाही. पण वेगाचा अंदाज आपल्या मनावर सोडू नये एवढं त्यातून नक्की घ्यावं. पुढच्या कामाला किती वेळ लागला ते लिहून ठेवा. तुमच्या खात्यात नोंदी ठेवायची सवय असतेच.

मराठी संवाद घालणार आहात ना, मग आणखी एक गोष्ट आत्ताच पाहून ठेवा. गोडो ३ मध्ये जोडाक्षरं नीट जुळत नसत. गोडो ४ मध्ये ती व्यवस्था आली आहे, त्यामुळे जुन्या आवृत्तीत मराठी गेम सुरू करू नका. फाँट देवनागरीचा स्वतःच जोडावा लागतो. नोटो सान्स देवनागरी किंवा मुक्ता चालतील, दोन्हींचा परवाना मोकळा आहे. खरी गंमत संवाद एकेक अक्षर उमटवताना येते. एआयला असा परिणाम मागितला की ते बहुतेक वेळा मजकुराचे तुकडे करत जाणारं कोड देतं. इंग्रजीत ते छान चालतं. आपल्याकडे ‘क्षार’ लिहिताना आधी ‘क’ दिसतो, मग पाय मोडलेला ‘क्’, मग अचानक ‘क्ष’, आणि वाचणाऱ्याचा डोळा अडखळतो. गोडोच्या लेबलमध्ये दृश्य अक्षरांची सोय आहे, आणि ती अक्षरं जोडण्याआधी मोजायची की जोडल्यानंतर, हा पर्यायही आहे. ‘जोडल्यानंतर’ निवडा आणि तुमच्या संवादातल्या अवघड शब्दांवर तपासून पाहा. इंग्रजी गेमवर शिकलेल्या साधनाला ही अडचण दिसतच नाही, मराठी वाचणाऱ्या माणसाला ती पहिल्या ओळीत दिसते.

यावरून पाचव्या गेमकडे येतो. कदंबांपासून मुक्तीपर्यंतचं खुलं जग एकट्याने, रात्री, नोकरी सांभाळून होणार नाही. एआय कितीही सुधारलं तरी त्यातली घरं, माणसं, बोली, कपडे तपासायला तुम्ही एकटेच आहात. पण तुमच्या मामाचं चोडणला खाजन, म्हणजे खाऱ्या पाण्याकाठची बांध घातलेली शेती, आहे असं तुम्ही ओघात लिहून गेलात, आणि मला तुमचा गेम तिथे दिसतो. मानस, म्हणजे बांधातलं पाण्याचं दार, कशी चालते ते तुम्ही लहानपणापासून पाहिलं असेल. भरतीला बाहेरच्या पाण्याच्या दाबाने दार मिटतं, ओहोटीला आतलं पाणी ते ढकलून नदीत जातं. भात उभं असताना खारं पाणी आत येऊ द्यायचं नाही. कापणीनंतर मात्र तेच पाणी घ्यायचं, त्याच्याबरोबर मासळी येते, सुंगटं (कोळंबी) येतात. दोन भरतींमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं, म्हणजे भरतीची वेळ रोज पन्नासेक मिनिटांनी पुढे सरकते. पुनवेला-अमावास्येला उधाण. खेकड्यांनी पोखरलेला बांध. वर पावसाळा. कोरगुट हे भात पेरलं तर ते खारं सोसतं पण उतारा कमी. खेळाला लागणारं घड्याळ, धोका आणि लोभ हे सगळं यात आयतं आहे, आणि यातलं काहीही तुम्हाला बनवून घालावं लागत नाही.

एक बांध, एक मानस, एक हंगाम, दहा मिनिटांचा खेळ. एवढंच करा. एआयला ‘स्लूस गेट’ म्हणून सांगितलंत तर बहुधा चाक फिरवून वर उचलायचं धरणाचं दार मिळेल. दाबाने आपोआप मिटणारं दार तुम्हाला समजावून मागावं लागेल. मामाला एकदा बांधावर घेऊन जा, दाराचा आवाज मोबाइलवर टिपा. संवादांना आवाज द्यायचा तर यंत्राचा देऊ नका. आपल्याकडे गावोगावी जत्रेला नाटकं उभी राहतात, चांगल्या आवाजाची माणसं शेजारीच मिळतील. त्यांना मानधन द्या आणि आवाज कशासाठी वापरणार ते कागदावर लिहून द्या. अमेरिकेत गेममधल्या आवाज कलाकारांनी २६ जुलै २०२४ ला संप सुरू केला तो मुख्यतः याच मुद्द्यावर, की आमच्या आवाजाची एआय नक्कल आमच्या संमतीशिवाय होऊ नये. संप सुटायला जवळजवळ वर्ष लागलं. लहान गेममध्येही ही शिस्त पाळावी असं मला मनापासून वाटतं.

गेम माझा का, याचं एक उत्तर कायद्याचं आहे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणकाने निर्माण केलेल्या कृतीचा कर्ता म्हणजे ती निर्माण करवणारी व्यक्ती, असं कलम आहे. अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाचं म्हणणं वेगळं: नुसत्या सूचना देऊन काढलेल्या चित्रावर हक्क मिळत नाही, माणसाने केलेली निवड, मांडणी आणि बदल यांवर मिळू शकतो. तुम्ही जगभर विकणार असाल तर कडक नियम गृहीत धरून चाला, म्हणजे मुखपृष्ठाचं चित्र, मुख्य पात्र आणि नाव हे तरी हाताने केलेलं असू द्या. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानावर जानेवारी २०२४ पासून एआयचा वापर जाहीर करावा लागतो. आधी बनवून घातलेला मजकूर वेगळा आणि खेळताना जागेवर तयार होणारा वेगळा; दुसऱ्या प्रकारात तो भलतंसलतं बोलू नये म्हणून काय बंदोबस्त केलाय तेही लिहावं लागतं. फॉर्ममधली शब्दरचना बदलत असते, भरताना त्या दिवशीची वाचा, आणि जे वापरलंय ते सरळ लिहा. तुमच्या नोकरीचं नेमणूकपत्रही काढून वाचा. कामावर असताना केलेल्या प्रत्येक निर्मितीवर कंपनीचा हक्क, असं कलम काही पत्रांत असतं. कंपनीच्या लॅपटॉपवर तर एक ओळही लिहू नका.

हक्काचं झालं. तुमच्या प्रश्नात कायद्यापलीकडचंही काही होतं, त्याचं माझं उत्तर असं: दार किती वेगाने मिटावं हे तुम्ही ठरवलं, खेळून बदललं, मामाला दाखवून पुन्हा बदललं, तर तो गेम तुमचा. त्यातल्या ओळी कोणी टंकल्या याने फरक पडत नाही.

आता नोकऱ्यांचं. गेली काही वर्षं या उद्योगाची कठीण गेली. जानेवारी २०२४ या एका महिन्यात गेम इंजिन बनवणाऱ्या युनिटीने सुमारे १८०० आणि मायक्रोसॉफ्टने आपल्या गेम विभागातून १९०० लोक कमी करायचं जाहीर केलं. सगळं खापर एआयवर फोडणं बरोबर नाही. कोविडच्या काळात खेळ वाढला तेव्हा भरमसाट भरती झाली, कंपन्या विकत घेतल्या गेल्या, मग व्याजदर चढले आणि पैसा आटला. भारताच्या बाबतीत मात्र मला एआयची काळजी वाटते, कारण आपल्याकडचं बरंच काम परदेशी गेमसाठी चित्रं, मॉडेलं आणि चाचणी पुरवण्याचं आहे, आणि एआय पहिल्यांदा तिथेच हात घालतंय. बंगळूर, पुणे, हैदराबाद इथे नोकऱ्या आहेत. गोव्यात राहून बहुतेक दुरूनच काम करावं लागतं. मुलाखतीत मी समोरच्याला विचारतो: पूर्ण झालेला एक गेम दाखवा, आणि त्यात काय काढून टाकलंत ते सांगा. चार अर्धवट गेमांवर याचं उत्तर देता येत नाही, दहा मिनिटांच्या खाजनावर देता येईल. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने ‘राजी’ केला तेव्हा तीही छोटीच टोळी होती, आणि २०२० मध्ये तो निन्टेन्डो स्विचवर पोचला तो आपल्या मातीतला विषय नेटाने पुरा केला म्हणून.

घरच्यांना समजावताना कदाचित मांडवीतल्या कॅसिनो जहाजांचा विषय निघेल, किंवा ऑगस्ट २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याचा. तो कायदा पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालतो. तुमच्या गेममध्ये पैज नाही, बक्षिसाची रक्कम नाही, त्यामुळे ती बंदी तुमच्यावर येत नाही.

राजीनामा आत्ता देऊ नका, एवढं मात्र मी घरचा हिशेब न विचारताही सांगेन. स्टीमवर २०२४ या एका वर्षात १८ हजारांहून जास्त गेम आले; पहिल्याच गेमवर घर चालेल हे धरून चालण्यात अर्थ नाही. आधी इच.आयओ या छोट्या गेमच्या साइटवर फुकट टाका. मग स्टीमचे १०० डॉलर भरा. गेमची कमाई १००० डॉलरवर गेली की ते परत मिळतात. पहिल्या गेमला पैसे भरल्यापासून ३० दिवस थांबावं लागतं, ते धरून तारीख ठरवा. अँड्रॉइडवर न्यायचं असेल तर प्ले स्टोअरचे २५ डॉलर, आणि नव्या वैयक्तिक खात्याला १२ जणांकडून सलग १४ दिवस चाचणी करून घ्यावी लागते. वाड्यावरची पोरं त्याला पुरतील, आणि त्यांच्यापैकी कोण तिसऱ्या दिवशी खेळायचं थांबला हे विचारलंत तर तुम्हाला कुठल्याही एआयपेक्षा जास्त कळेल. दोन छोटे गेम असे पुरे करून बाहेर पडले आणि तिसऱ्याची लोक वाट पाहत असले, की राजीनाम्याचा प्रश्न पुन्हा काढा. तेव्हा हातात आकडे असतील आणि घरातही बोलणं सोपं जाईल.

लॅपटॉप बदलायची गरज नाही. तुमच्या ८ जीबीच्या मशीनवर टूडी गोडो आरामात चालतं. घरीच एआय चालवायच्या हौसेने महागडं ग्राफिक कार्ड घेऊ नका. सात अब्ज पॅरामीटरचं, म्हणजे तसं लहानच, एआय मॉडेल चार बिटांत दाबून बारीक केलं तरी चार-पाच जीबी मेमरी खातं, म्हणजे गोडोबरोबर ते तुमच्याकडे कोंडेल. स्लॉट मोकळा असेल तर मेमरी १६ करा, तेवढं पुरे. पावसाळ्यात वीज-नेट गेल्यावर काय, असं विचारलंत. गोडोत एफ१ दाबा: सगळ्या क्लासांची माहिती इंजिनातच असते आणि ती तुमच्याच आवृत्तीची असते. बाकीची कागदपत्रंही उतरवून ठेवता येतात. बॅटरी असेपर्यंत ती ‘मूव्ह अँड स्लाइड’ची नोंद वाचून काढा, डेल्टाबद्दल मी वर लिहिलंय ते तिथे स्पष्ट दिलेलं आहे.